चौथा परिच्छेद

‘सप्रेम नमस्कार वि. वि.’ असं आजोबांचं पोस्टकार्ड सुरू व्हायचं. ते गिरणगावात कापडगिरणीत, आम्ही कणकवलीजवळच्या गावात. आजीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिसरीत गेल्यापासून पत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पत्राचे भाग ठरलेले. आधी खुशाली: मी येथे क्षेम आहे, तुम्हां सर्वांचे क्षेम असावे. मग मनिऑर्डरचा हिशोब: वाण्याचे इतके, शाळेच्या फीचे इतके, पावसाआधी कौलं चाळून घेणे. आणि शेवटी ‘बाकी सर्व ठीक, कळावे, लोभ असावा’ की संपलं.

आजी थांबून विचारायची, “आनी काय लिवल्यानी?”

“संपलां.”

“फाटल्या बाजूक बघ.”

पाठीमागे आमचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का. ती कार्ड हातात घ्यायची, उलटसुलट करायची आणि आढ्याला टांगलेल्या तारेत खोचून ठेवायची. मला तेव्हा गंमत वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. गणपतीला घरी आले की आजोबा घडाघडा मालवणीत बोलायचे, शिव्यासुद्धा. मग पत्रात हे ‘क्षेम असावे’ कुठून यायचं? जणू कुणी सरकारी माणूस त्यांच्या नावाने लिहीत होता.

हे सगळं मी विसरूनही गेले होते. तीसेक वर्षांनी, म्हणजे आजोबा आणि आजी दोघंही गेल्यावर, फोर्टात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘ब्रदर, आय अ‍ॅम डाइंग’ हे पुस्तक मिळालं. लेखिका एडविज दांतिका, मूळची हैतीची. (आडनावाच्या शेवटी ‘ट’ लिहितात, उच्चारत नाहीत. मी बरेच दिवस दांतिकॅट म्हणत होते.) घेतलं ते केवळ स्वस्त होतं म्हणून. पहिल्या काही पानांतच तिच्या वडिलांच्या पत्रांचं वर्णन आलं आणि मी लोकलमध्ये उभ्याउभ्या ते पुन्हा वाचलं. वडील न्यूयॉर्कहून दर दोन महिन्यांनी एक पत्र पाठवायचे. अर्धं पान. तीन परिच्छेद. पहिल्यात आईवडिलांची प्रकृती, दुसऱ्यात पाठवलेले पैसे कशावर किती खर्च करायचे त्याचा तपशील, तिसऱ्यात पुन्हा लवकरच लिहितो असं म्हणून तुटक शेवट. आणि हे सगळं अवघडलेल्या फ्रेंचमध्ये. घरात बोलायची भाषा क्रेयोल. फ्रेंच ही शाळेची, कोर्टाची, साहेबाची. कागदावर लिहायचं म्हणजे फ्रेंचच.

दांतिका माझ्याच वयाची. 19 जानेवारी 1969 चा जन्म, हैतीची राजधानी पोर्तोप्रँसमधला. ती दोन वर्षांची असताना, 1971 मध्ये, वडील महिन्याभराच्या पर्यटक व्हिसावर अमेरिकेला गेले आणि परत आले नाहीत. त्याच वर्षी हैतीत हुकूमशहा ‘पापा डॉक’ दुवालिए मेला आणि गादीवर त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा बसला. वडील चपलांच्या दुकानात विक्रेते होते. हुकूमशहाचे गुंड, ज्यांना तोंतों माकूत म्हणत, ते दुकानात शिरायचे आणि हवे ते बूट उचलायचे. तोंतों माकूत हे नाव मुळात लहान मुलांना भीती घालायच्या गोष्टीतलं आहे: झोळीवाला काका, जो हट्टी पोरांना झोळीत घालून नेतो. आपला बागुलबुवाच. फक्त तिथे त्याला निळे कपडे, काळा चष्मा आणि बंदूक मिळाली होती आणि तो मोठ्या माणसांना नेत होता.

दोन वर्षांनी आईसुद्धा अमेरिकेला गेली. जाण्याआधी तिने मुलीसाठी दहा फ्रॉक शिवले. बहुतेक सगळे मोठ्या मापाचे, पुढच्या वर्षांत अंगाला यावेत म्हणून. ही गोष्ट मला पत्रांइतकीच लागली. आपण परत कधी येऊ हे त्या बाईला ठाऊक नव्हतं, पण मुलगी वाढत राहणार हे ठाऊक होतं. तिने ते मोजून, कापून, शिवून ठेवलं. विमानतळावर चार वर्षांची एडविज आईच्या पायाला विळखा घालून बसली होती. तो सोडवावा लागला.

पुढची आठ वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ बेलएर नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत काका जोझेफ आणि काकू डेनिज यांच्या घरी वाढले. काका पाद्री. स्वतःची चर्च, स्वतःची शाळा, खणखणीत आवाज. त्यांना घशाचा कर्करोग झाला, 1978 मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया झाली आणि प्रवचन देणाऱ्या माणसाचा आवाजच गेला. घरी परतले ते मुके होऊन. नऊ-दहा वर्षांची पुतणी त्यांचे ओठ वाचायला शिकली. ते बँकेत, दुकानात, दवाखान्यात तिला बरोबर नेत आणि त्यांचे हलणारे ओठ बघून ती मोठ्याने बोले. पुढे गळ्याला लावायचं यंत्र मिळालं, त्यातून घरघरता, यंत्रमानवासारखा आवाज निघायचा.

तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण ‘हैतीचा आवाज’ वगैरे शब्द वापरतात. तिला स्वतःला हे बिरुद फारसं आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. एक कोटीहून जास्त लोकांचा आवाज एक बाई कशी असेल? पण एका माणसाचा आवाज ती खरोखर होती, रोजच्या व्यवहारात, बाजारात भाव करताना. ते बिरुदापेक्षा मोठं काम आहे असं मला वाटतं.

1981 मध्ये बाराव्या वर्षी ती ब्रुकलिनला आली. आईवडील जवळजवळ अनोळखी, आणि तिथे जन्मलेले दोन भाऊ. वडील टॅक्सी चालवत होते, आई कारखान्यात शिवणकाम करत होती. वडिलांनी मुलीला स्वागताची भेट म्हणून काय द्यावं? स्मिथ-कोरोना कंपनीचा हातात उचलून नेता येणारा टाइपरायटर. तुझे शब्द नीट मापात बसतील, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. अर्ध्या पानापलीकडे कधी न गेलेल्या माणसाने ते यंत्र विकत घेतलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मोठेपणी तिने त्या पत्रांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ते साधारण असं: मी काही लेखक नव्हे, आणि मला तुम्हा पोरांना जे सांगायचं होतं ते एका कागदावर आणि एवढ्याशा पाकिटात मावणारं नव्हतं.

शाळेत वर्गातली मुलं हैतीच्या मुलांना ‘फ्रेंची’ आणि ‘बोट पीपल’ म्हणून चिडवत. ऐंशीच्या दशकात त्यात एड्सची भर पडली. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने हैतीच्या लोकांना सरसकट धोक्याच्या गटात टाकलं होतं. आईवडिलांची इच्छा मुलीने नर्स किंवा डॉक्टर व्हावं अशी. (हे वाचून कोणत्या मराठी घरात हसू येणार नाही?) तिला आरोग्यसेवेकडे नेणाऱ्या हायस्कुलात घातलंही होतं. पण किशोरवयीन मुलांच्या एका वर्तमानपत्रासाठी तिने स्वतःच्या अमेरिकेत येण्याबद्दल एक लेख लिहिला, आणि तो संपल्यावर तिच्या लक्षात आलं की हे संपलेलं नाही. त्यातून पुढे बार्नार्ड कॉलेज, ब्राउन विद्यापीठ आणि 1994 मधली पहिली कादंबरी, ‘ब्रेथ, आइज, मेमरी’. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. ओप्रा विन्फ्रीने 1998 मध्ये आपल्या बुक क्लबसाठी ती निवडली आणि पुस्तक लाखो घरांत गेलं. पुढचे मानसन्मान एका दमात सांगते, कारण ते कुठेही सापडतील: मॅकआर्थर फेलोशिप 2009 मध्ये, नॉयश्टाट पारितोषिक 2018 मध्ये, आणखीही बरेच.

क्रेयोल ही पहिली भाषा, फ्रेंच दुसरी आणि इंग्रजी तिसरी. ती लिहिते तिसरीत. यावर दोन्हीकडून बोल लागतात: फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्यांना वाटतं ही आपली नव्हे, आणि क्रेयोलवाल्यांना वाटतं हिने घरची भाषा सोडली. मला मात्र तिच्या इंग्रजीत एक विचित्र मोकळेपणा जाणवतो. फ्रेंचमध्ये वडिलांची ती अवघडलेली तीन परिच्छेदांची चौकट होती. इंग्रजीत तिच्यावर कुणाचं ‘क्षेम असावे’ नव्हतं. माझ्या आजोबांना मालवणीत पत्र लिहिता आलं असतं तर कार्ड पुरलं असतं का, कोण जाणे.

पहिल्या कादंबरीने तिला एक धडाही दिला. त्यातली सोफी मावशीकडे वाढते आणि बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईकडे येते. मुलीचं कौमार्य शाबूत आहे ना हे आया स्वतः तपासून बघतात, आजीने आईचं बघितलं, आई मुलीचं बघते, असा तो प्रकार कादंबरीच्या मध्यभागी आहे. हैतीच्या अनेक बायका खवळल्या. आमच्याकडे असं सर्रास चालतं असं जगाला वाटेल, तू घरचं चव्हाट्यावर मांडलंस. तिला खोटारडी म्हटलं गेलं. पुढच्या आवृत्तीत तिने शेवटी सोफीला उद्देशून एक पत्र जोडलं: देशातल्या सगळ्या मुलींचं, बायकांचं प्रतिनिधी असल्याचं ओझं तुझ्या एकटीच्या शरीरावर टाकलं जातंय, अशा आशयाचं. आपल्याकडे दलित आत्मकथनं आली तेव्हा बाहेरच्यांइतकेच घरचेही काही जण दुखावले होते, हे आठवतं. ज्यांच्याबद्दल जगात आधीच चार वाईट गोष्टी बोलल्या जातात, त्यांच्यातल्या लेखकाला पाचवी खरी गोष्ट लिहिणं महाग पडतं.

पण पत्र हा धागा तिने सोडला नाही. ‘क्रिक? क्राक!’ हा 1995 चा कथासंग्रह. हैतीत गोष्ट सांगणारा आधी विचारतो, “क्रिक?” ऐकणारे ओरडतात, “क्राक!” मगच गोष्ट सुरू. आपल्याकडे हुंकार भरल्याशिवाय आजी पुढे सरकायची नाही, तसंच. यातली पहिलीच कथा दोन पत्रलेखकांची आहे. बंडानंतर जीव वाचवायला एक तरुण गळक्या होडीतून मायामीच्या दिशेने निघालाय. त्याची प्रेयसी मागे हैतीत आहे. दोघंही एकमेकांना वह्यांत लिहीत राहतात. पोस्ट नाही, पत्ता नाही, एकाचं दुसऱ्याला पोहोचणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून कळतं. होडीत पाणी भरू लागतं तसं सामान समुद्रात टाकायला लागतं, आणि एक वेळ वहीवर येते. मी ती कथा दोनदाच वाचली आहे. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ 1998 ची. हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे एकाच बेटाचे दोन देश. पलीकडच्या उसाच्या मळ्यांत तोडणीला हैतीचे मजूर जायचे, अजूनही जातात, आणि मळ्याला लागून ‘बाते’ नावाच्या खोपटवस्त्यांत राहतात. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या टोळ्या ज्यांनी साखर कारखान्याच्या आवारात पाचटाच्या खोप्यांतून पाहिल्या आहेत, त्यांना ही कादंबरी परक्या देशातली वाटणार नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये हुकूमशहा राफाएल त्रुहियोने सीमेवरच्या हैतीच्या लोकांची कत्तल करवली. किती मेले यावर इतिहासकारांचं एकमत नाही. अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढे जातात. बहुतेकांना कोयत्यांनी मारलं. आणि माणूस ओळखायचा कसा? सैनिक पार्स्लीची, म्हणजे कोथिंबिरीसारख्या पाल्याची, जुडी समोर धरून हे काय असं विचारत. स्पॅनिशमध्ये ‘पेरेहील’. त्यातला ‘र’ क्रेयोल बोलणाऱ्याच्या जिभेवर नीट लोळत नाही. र चुकला की संपलं. नंतर दोन्ही सरकारांत भरपाई ठरली 7,50,000 डॉलर, ती घटून 5,25,000 वर आली, आणि मेलेल्यांच्या घरी त्यातलं जवळजवळ काहीच पोहोचलं नाही.

मी पाचवीला मुंबईत आले तेव्हा वर्गातल्या मुली मला मुद्दाम बोलायला लावायच्या. माझा हेल ऐकून हसायच्या. हसण्यावर निभावलं. पण एखाद्या अक्षरावरून आपण कुठले ते समोरच्याला कळतं, त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो तो मला माहीत आहे. तो खड्डा किती खोल असू शकतो ते त्या कादंबरीतल्या आमाबेलने दाखवलं. ती वाचते, पण तोंडात कोंबलेली पार्स्ली आयुष्यभर तिच्या घशातून जात नाही.

तिचं सर्वांत चांगलं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं तर मी ‘द ड्यू ब्रेकर’ म्हणेन, 2004 चं. माकूत लोक पहाटे गवतावरचं दव मोडत यायचे आणि माणूस उचलून न्यायचे; म्हणून क्रेयोलमध्ये त्यांना ‘शुकेत लावोझे’ म्हणत. ब्रुकलिनमधली ‘का’ नावाची मुलगी शिल्पकार आहे. तिने वडिलांचा लाकडी पुतळा केलाय: तुरुंगात छळ सोसलेला, गुडघ्यांवर बसलेला कैदी. गालावर व्रण असलेला हा शांत न्हावी तिच्या लेखी बळी आहे. तो पुतळा विकायला दोघं फ्लोरिडाला जातात, तेव्हा बाप तो तळ्यात टाकून देतो आणि मुलीला सांगतो की मी कैदी नव्हतो, मी शिकारी होतो. इथून पुढच्या कथांत आपण त्याच्या हाताखाली मोडलेल्या माणसांना भेटत जातो. दांतिका त्याला माफही करत नाही आणि राक्षसही करत नाही. तो जेवतो, बायकोला फोन करतो, लोकांचे केस कापतो. मग 2013 मधली ‘क्लेअर ऑफ द सी लाइट’ मला जरा जास्तच सुबक वाटली, हेही सांगून टाकते.

याच 2004 मध्ये खऱ्या आयुष्यात जे झालं ते तिच्या कोणत्याही कथेत शोभलं असतं, आणि म्हणूनच तिने ते कथेत घातलं नाही. एकाच दिवशी तिला दोन गोष्टी कळल्या होत्या: आपण गरोदर आहोत आणि वडिलांच्या फुप्फुसांचा आजार आता बरा होणारा नाही. ऑक्टोबरात बेलएरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आणि हैतीचे पोलीस काकांच्या चर्चच्या छतावर चढून गोळीबार करत होते. वस्तीतल्या टोळ्यांनी काकांना जबाबदार धरलं, पैसे मागितले, चर्च आणि शाळा लुटली. 81 वर्षांचे काका बायकी विग आणि झगा घालून निसटले. 29 ऑक्टोबरला मुलगा मॅक्सोबरोबर मायामीच्या विमानतळावर उतरले. तीस वर्षांत ते कितीतरी वेळा आले-गेले होते, पासपोर्टवर चालू व्हिसा होता. किती दिवस राहणार असं विचारलं. ते खरं बोलले: तात्पुरता आश्रय हवाय.

फक्त व्हिसा दाखवून पुढे गेले असते तर बाहेर पडले असते. आश्रय हा शब्द उच्चारल्यामुळे क्रोम नावाच्या कोठडीत गेले. तिथे ते परकीय क्रमांक 27041999 झाले. औषधं काढून घेतली. चार दिवसांनी मुलाखतीत त्यांना उलट्या सुरू झाल्या. हजर असलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने तिथल्या तिथे निदान केलं: सोंग करतोय. दुसऱ्या दिवशी, 3 नोव्हेंबरला, ते मायामीच्या इस्पितळात वारले. पुतणी त्याच शहरात राहत होती. तिला भेटू दिलं नव्हतं.

इथे पुस्तकाची भाषा बदलते. तिने माहितीच्या अधिकाराखाली मिळवलेले कागद, नोंदींच्या वेळा आणि मिनिटं एकापुढे एक ठेवली आहेत, विशेषणं जवळजवळ नाहीत. पहिल्यांदा वाचताना मला ते कोरडं वाटलं होतं. नंतर कळलं की हा तिच्या वडिलांचाच हात आहे. प्रकृती, हिशोब, तुटक शेवट. ज्याचे ओठ वाचून ती लहानपणी बोलायची, त्या माणसाचं शेवटचं बोलणं तिला सरकारी टाचणांतून वाचावं लागलं. 2007 मध्ये तिने अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे याची साक्ष दिली. मॅक्सो वाचला, हैतीला परतला, आणि 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात घराखाली गाडला गेला.

काकांना हैतीत नेऊन पुरणंही शक्य नव्हतं; बेलएरच्या टोळ्यांनी प्रेतालाही सोडलं नसतं असं घरच्यांना वाटलं. ज्या देशाने आत घेतलं नाही त्याच देशात, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, त्यांना मूठमाती दिली. वडील प्राणवायूच्या नळीसह तिथे उभे होते. 2005 मध्ये दांतिकाला मुलगी झाली. वडिलांचं घरातलं नाव मिरा, तेच तिला ठेवलं. आपल्या कानाला ते अगदी घरचं वाटतं. आजोबा मिराने नात मिराला मांडीवर घेतलं, आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांना भावाच्या शेजारी जागा मिळाली. तीस वर्षांहून जास्त काळ दोघे दोन देशांत होते. एकाने निघायचं ठरवलं, दुसऱ्याने राहायचं.

पुस्तकाच्या शेवटी ती दोघांची कल्पना करते, क्वीन्समध्ये नाही तर बोसेजूरमध्ये, लेओगानजवळच्या डोंगरातल्या त्यांच्या मूळ गावी. दोघं चढावरून चालताहेत. धुकं आहे. एकमेकांना दिसेनासे झाले की एक जण हाक मारतो, कुठे आहेस रे भावा, आणि दुसरा उत्तर देतो. ती हाक तिने इंग्रजी पुस्तकात क्रेयोलमध्येच ठेवली आहे. फ्रेंचमध्ये नाही.

मला क्रेयोल येत नाही. ती ओळ मी प्रत्येक वेळी मालवणीत ऐकते, आजोबांच्या घोगऱ्या आवाजात, गणपतीच्या आदल्या रात्री एसटीतून उतरून पाणंदीने अंधारात घराकडे येतानाच्या. आजी कंदील घेऊन खळ्यात उभी.

“खय आसस गो?”

“हयच आसय.”